माझ्या डोळ्याचे छायाचित्र पुसून टाकण्याबाबत

११ जानेवारी, शिरूर

या रोजनिशीने काय सिद्ध करावयाचे आहे ते आरंभीच नमूद करतो. नागरिकाच्या शरीराविषयीची माहिती एकदा कोणत्याही कंपनीच्या संगणकात गेली की ती कंपनी ती कधीही पुसत नाही. सबब वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा ही बोलाचीच कढी आहे. एवढे सिद्ध झाले की माझा एलएल.एम.चा प्रबंध तयार झाला. विषय आरोग्य व तंत्रज्ञान कायदा. वय सदुसष्ट. शिरूर कोर्टात अडतीस वर्षे दिवाणी वकिली. वर्गातील इतर मंडळींच्या जन्माआधीचे माझे दावे अजून निकाली निघालेले नाहीत.

प्रवेश का घेतला, हेही लिहितो. बार रूममध्ये एका ज्युनिअरने म्हटले की आबा, हे ॲप-बिप आता तुमच्या काळातले राहिले नाही. त्याच आठवड्यात फी भरली. शिक्षणाला सूडाइतका टिकाऊ हेतू दुसरा नाही.

संकल्प : रोज पहाटे पाच ते आठ वाचन. मार्चअखेर प्रबंध. सुवर्णपदक.

१२ जानेवारी

सात वाजता उठलो. थंडी हे समर्थनीय कारण आहे.

१८ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये डोळे तपासणी शिबिर. एका कंपनीने यंत्र पाठवले होते. यंत्र डोळ्याच्या आतला फोटो काढते आणि डॉक्टर नसताना स्वतःच मत देते. आयोजकांत आमची सौ. दबोरा होती. ती तीस वर्षे परिचारिका होती आणि निवृत्तीनंतरही तिला माणसांना रांगेत बसवल्याशिवाय चैन पडत नाही. मलाही बसवले. संमतीपत्रावर सही घेतली. संमती मागे घेतल्यास सर्व माहिती पुसली जाईल, असे त्यात लिहिले होते. ते वाचून हसू आले.

यंत्राचे मत : डाव्या डोळ्याच्या पडद्यावर साखरेचा परिणाम. महिन्याच्या आत नेत्रतज्ज्ञाकडे, म्हणजे दौंडच्या नेत्र रुग्णालयात, जावे.

मी तंत्रज्ञांना विचारले की या साक्षीदाराचे शिक्षण काय, अनुभव किती, यापूर्वी किती वेळा खोटा ठरला. समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मागे मांडवगण फराट्याचे हौसराव उभे होते. माझे जुने अशील. बांधाच्या दाव्यात मी त्यांना बावीस वर्षे सांभाळले आहे. ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "वकीलसाहेब, उठा आता. त्याची कशाला उलटतपासणी घेता, ते काय फुटनार हाय व्हय?"

लोक हसले. अशिलाने असे वागू नये.

साखरेबद्दल : मी म्हणतो थोडी आहे. दबोरा म्हणते पंधरा वर्षे आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत.

२४ जानेवारी

विद्यापीठ पाठवते त्या पीडीएफची छपाई निकृष्ट. ओळी मधेच वाकतात. कुलसचिवांना तक्रार पाठवली.

खोलीत डास वाढले आहेत. एकच मोठा, काळा, दोऱ्यासारखा, डाव्या बाजूने सतत येतो. दबोराला फवारणी करायला सांगितले. तिला तो दिसत नाही. पासष्टीनंतर बायकांची नजर कमी होते.

३० जानेवारी

ऑनलाइन वर्ग. मार्गदर्शक बाईंनी विचारले की कंपन्या माहिती पुसत नाहीत या विधानाला आधार काय. मी म्हणालो, अनुभव. त्या म्हणाल्या, एक तरी उदाहरण आणा. मी म्हणालो, मी स्वतःच उदाहरण होतो, आणि शिबिर व यंत्राचे मत वर्गाला सांगितले.

योजना स्पष्ट आहे. शिबिर भरवणाऱ्या कंपनीस नोटीस द्यायची, माझे सर्व काही पुसण्याची मागणी करायची. ते नकार देतील किंवा गप्प बसतील. दोन्ही प्रकारे प्रबंध सिद्ध.

वर्गात केंदूरची समृद्धी नावाची मुलगी आहे. सनद मिळून दोन वर्षेही झाली नाहीत. तिने हात वर न करता सांगितले की कायद्यातली माहिती पुसायला लावणारी कलमे अजून लागू झालेली नाहीत. मी म्हणालो, उत्तम, मग ते त्याच कारणाने नकार देतील. ती म्हणाली, "आबा, ते पुसतील. त्यांना ते एका बटनाचं काम आहे. तुम्ही आधी दौंडला डोळा दाखवून या, मग काय पाठवायचं ते पाठवा."

मुद्दा सोडून माणसाच्या डोळ्यावर घसरणे हा तर्कदोष आहे. तसे तिला सांगितले. मी म्यूटवर होतो असे नंतर कळले.

५ फेब्रुवारी

नोटीस रवाना. सोळा परिच्छेद. प्रार्थनेत, म्हणजे कोर्टाच्या भाषेत मागणीत, पुढीलप्रमाणे मागितले : डोळ्याचे छायाचित्र, अहवाल, नाव, फोन क्रमांक, सर्व प्रती, प्रतींच्या प्रती, सर्व कायमचे नष्ट करावे, आणि मला किंवा माझ्या पत्नीला पुन्हा कोणत्याही कारणाने संपर्क करू नये.

समृद्धीने मसुदा वाचून विचारले की एवढे सगळे कशाला. या पिढीला तालुका कोर्ट माहीत नाही. प्रार्थनेत नेहमी सर्व मागावे. रस्ता हवा असेल तर शेत मागावे. कोर्ट निम्मे नाकारते आणि उरलेल्या निम्म्यात आपले काम होते. मी अडतीस वर्षांत एकदाही मागितले तेवढे मिळवलेले नाही, आणि त्यावरच माझी प्रॅक्टिस चालली.

९ फेब्रुवारी

कंपनीकडून फोन, तिसरा. डोळा दाखवला का, दौंडच्या नेत्र रुग्णालयात वेळ घेऊन देऊ का, असे विचारतात. नोटीस पोचल्यानंतरही. हा छळ आहे. तारीख, वेळ टिपून घेतली. परिशिष्ट ‘क’.

दबोरानेही तोच विषय काढला. तिला मिड-टर्मनंतरची तारीख दिली.

१३ फेब्रुवारी

मिड-टर्म. प्रश्न दुसरा पूर्ण सोडला. तो पत्रिकेच्या डाव्या अंगाला छापला होता, जेथे कोणी पाहत नाही. पर्यवेक्षकांशी वाद.

२० फेब्रुवारी

कंपनीचे उत्तर आले. दीड परिच्छेद. आपल्या मागणीनुसार सर्व माहिती कायमची पुसण्यात आली आहे, यापुढे आपल्याशी संपर्क केला जाणार नाही, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. सोबत प्रमाणपत्र.

ही धादांत लबाडी आहे. इतक्या लवकर, इतक्या नम्रपणे कोणीही काहीही मान्य करत नसते.

दबोराने विचारले, फोटोसुद्धा गेला का. मी म्हणालो, कागदावर तरी गेला. आणि ते फोन? तेही बंद. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली, मग भाकरी थापायला गेली. मौन ही संमती असते.

२१ फेब्रुवारी

ती संमती नव्हती. सकाळी तिने दौंडला जाण्यासाठी गाडी सांगितली होती. मी ती परत पाठवली. प्रबंध ऐन रंगात आला असताना साक्षीपुरावा सोडून जाता येत नाही. ती म्हणाली की जगातल्या प्रत्येकाला तुम्ही प्रतिवादी केलेत, आता स्वतःच्या डोळ्यालाही करा. वाक्य चांगले होते. नोंदवून ठेवतो, कबूल करत नाही.

३ मार्च

नवी युक्ती. कंपनीला लिहिले की माझा विचार बदलला आहे, माझे छायाचित्र त्वरित परत पाठवावे. पाठवले तर पुसले नव्हते हे सिद्ध. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा पेच.

संध्याकाळपर्यंत उत्तर : आपल्या नावाने आमच्याकडे कोणतीही नोंद आढळत नाही. आपण कोण?

समृद्धी म्हणाली की आबा, हे उदाहरण उलट बाजूने फार चांगले आहे, मी माझ्या प्रबंधात घेऊ का. परवानगी नाकारली.

१० मार्च

हौसराव घरी आले. येताना टोपीवरून काळा चष्मा. दौंडला जाऊन दोन्ही डोळ्यांना लेसर करून घेतला म्हणे. यंत्राने त्यांनाही तेच सांगितले होते. मी विचारले, यंत्राचे ऐकण्याचा कायदेशीर आधार काय. ते म्हणाले, "आधार कसला, साहेब? ते म्हनलं जा, मी गेलो. तुम्ही बावीस वरीस म्हनत व्हता थांबा, तवा मी थांबलोच की."

दबोरा स्वयंपाकघरात हसली. मी या बाईसोबत बेचाळीस वर्षे संसार केला आहे.

हौसरावांना चहा ओतून दिला. बशी थोडी डावीकडे ठेवली होती कोणी तरी. चहा त्यांच्या धोतरावर सांडला. त्यांनी काही म्हटले नाही. ते मात्र मला आवडले नाही. हौसराव गप्प बसण्यातले नाहीत.

१५ मार्च

पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर असह्य झाला आहे. डावी बाजू पूर्ण धुरकट, वरून खाली उतरणाऱ्या पडद्यासारखी, थोडी तांबूस. ग्रामपंचायतीस अर्ज लिहायला घेतला.

दबोरा म्हणाली की गुऱ्हाळ गेले तीन आठवडे बंद आहे.

मी उजवा डोळा हाताने झाकला. ही सूचना तिची होती. जानेवारीतल्या शिबिरापासून की कधीपासून ती हेच करायला सांगत होती. झाकल्यावर दबोरा दिसली नाही. तिचा आवाज मात्र तिथेच होता.

अर्ज अपुरा.

१६ मार्च, दौंड

रात्रभर झोप नाही. सकाळी तिने गाडी सांगितली, मी परत पाठवली नाही. न्हावऱ्यापर्यंत मी रस्त्याच्या डाव्या बाजूचा ऊस पाहण्याचा प्रयत्न करत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण, तुटक. मी त्यांना पदवी विचारली. त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर ठेवली. त्यांचे म्हणणे क्रमाने लिहितो. एक, डोळ्यात आत रक्त उतरले आहे. दोन, फेब्रुवारीत लेसर झाला असता तर बहुधा ही वेळ आली नसती. तीन, रक्तामुळे मागचे काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत पडदा कुठे ओढला गेला आहे तेवढे कळते, मधला भाग कसा आहे ते कळत नाही. ऑपरेशन लवकरात लवकर करावे लागेल. किती दिसेल ते आज सांगता येणार नाही.

मग त्यांनी विचारले, "शिबिरात फोटो काढला होता ना? तो मागवा. जानेवारीत मधला भाग चांगला होता का, तेवढं कळलं तरी मला पुष्कळ कळेल."

दबोरा माझ्याकडे पाहत नव्हती. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत होती.

मी म्हणालो की एक फोन करतो.

त्याच दिवशी, रुग्णालयाच्या बाहेर

कंपनीला फोन लावला. नाव सांगितले. नाव सापडेना. नोटिशीची तारीख सांगितली, तेव्हा पलीकडच्या माणसाला मी आठवलो. ते सोळा परिच्छेदवाले का, असे त्याने विचारले.

त्याला सर्व परिस्थिती सांगितली. मग मी जे बोललो ते जसेच्या तसे नोंदवणे भाग आहे, कारण अडतीस वर्षांत मी कोणत्याही प्रतिवादीशी असे बोललेलो नाही. मी म्हणालो, "हे पाहा, तुम्ही पुसलेलं नाही हे मला ठाऊक आहे. कोणीच पुसत नाही. कबूल करा. मी तुमच्यावर काहीही करणार नाही, हवं तर आत्ता लिहून देतो. फक्त तो फोटो द्या."

तो म्हणाला, "सर, खरंच पुसलाय हो. बॅकअपमधूनही. तुम्हीच तसं लिहिलं होतं, प्रतींच्या प्रती म्हणून. आमच्या मॅडमनी स्वतः बसून करून घेतलं."

मी विचारले, कुठेच नाही? त्याने पुन्हा पाहतो म्हटले. फोन धरून ठेवला. मी दौंडच्या त्या फुटपाथवर उभा राहून माझा संपूर्ण सिद्धान्त खरा निघावा म्हणून प्रार्थना करत होतो. ही प्रार्थना कोर्टातली नव्हती.

तो परत आला आणि सॉरी म्हणाला. आता डोळा कसा आहे, असेही त्याने विचारले. मग म्हणाला की हे विचारायची त्याला परवानगी नाही.

१८ मार्च, दौंड

ऑपरेशन उद्या सकाळी. समृद्धी भेटायला आली. ती उदाहरणाबद्दल काही बोलली नाही. मीच म्हणालो की घे ते तुझ्या प्रबंधात, नाव घालूनही चालेल. तिने विचारले, आबा, नक्की का? सही देऊ का, असे मी विचारले, तर ती रडायला लागली. कारण समजले नाही. तिला सांगितले की मार्गदर्शक बाईंना कळव, माझे प्रतिपादन मागे घेत आहे.

पुढील मजकूर मी सांगितला व दबोराने लिहिला. तिने मध्ये दोनदा लेखणी खाली ठेवली, तरी एकही शब्द बदललेला नाही, हे तिच्या बाजूने नमूद करतो.

कबुली

मी, याकोब चक्रनारायण, वकील, राहणार शिरूर, लिहून देतो की फेब्रुवारीच्या पाच तारखेस मी माझ्या डोळ्याविषयीचे जे जे होते ते सर्व नष्ट करण्याची व मला पुन्हा कोणीही डोळ्याबद्दल विचारू नये अशी मागणी केली. ती मागणी नाकारली जाईल अशा खात्रीने केली होती. मला त्यातले काहीही नको होते. ते सर्व मिळाले.

चूक झाली.

(सही) या. चक्रनारायण