थांबलेला हात

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर हे बोलता येत नाही, कारण बाबा तुझ्या शेजारीच बसलेले असतात.

रसायनशास्त्राबरोबर मी चित्रपट हा मायनर विषय घेतला, तेव्हा बाबा म्हणाले होते की सिनेमे बघून मार्क मिळत असते तर त्यांना एव्हाना डॉक्टरेट मिळायला हवी होती. या विषयाच्या मॅडमनी एक काम दिलंय. एका माणसाचं काम सात मिनिटं सलग टिपायचं, मध्ये एकही कट नाही. म्हणून सुट्टीत मी बाबांच्या बोर्ड रंगवायच्या दुकानात कॅमेरा लावला. बाबा चष्मेवाल्याचा बोर्ड रंगवत होते. मला सारखं ‘मध्ये येऊ नकोस’ म्हणत होते आणि स्वतःच कॅमेऱ्याकडे बघून भांग सारखा करत होते.

काल ते कॉलेजच्या मोठ्या पडद्यावर पाहिलं. आत्या, प्रत्येक रेघेआधी बाबांचा हात हवेत थांबतो. ब्रशचं टोक थरथरतं, ते थांबेपर्यंत ते वाट बघतात. मी सेकंद मोजले. पहिल्या अक्षराला चार, शेवटच्या अक्षराला अकरा. जन्मभर मी त्या दुकानात खेळले आणि हे मला पडद्यावर दिसावं?

तुला माहीत होतं का? २६ तारखेला हे सगळ्यांसमोर दाखवणार आहेत. बाबांनी येणार म्हणून आताच शर्ट इस्त्रीला टाकलाय. दाखवू की नको, ते तूच सांग.

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
तुझी ठकू

५ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

माहीत होतं. अकरा महिने झाले.

आता सगळंच सांगते. शनिवारी माझी लायब्ररी अर्धा दिवस असते. मी दादाचा डबा घेऊन दुकानात जाते. जेवला की तो बाकावर आडवा होतो, पाच मिनिटांत डोळा लागतो. तेवढ्यात मी अक्षरांच्या हललेल्या किनारी सरळ करते. उठल्यावर तो बोर्ड बघतो आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवतो. त्याला काही कळत नाही, कळू द्यायचंही नाही. चाळीस वर्षं स्वतःच्या हाताची वाहवा ऐकलेला माणूस आहे तो.

तेव्हा ते थांबणं काढून टाक. नियम मोडतो हे मला कळतं. हे पत्र मी दोनदा फाडलं. तुला खोटेपणा शिकवते आहे, हे एक. आणि हे मी दादाच्या मानासाठी सांगते आहे की माझे शनिवार जाऊ नयेत म्हणून, याचं उत्तर मला प्रामाणिकपणे देता येत नाही. ते काम मला आवडायला लागलंय, ठकू. पण तरी, काढून टाक.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आत्यावर माया असू दे.
तुझी आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कापलं, आणि पकडली गेले. सात मिनिटांची साडेचार झाली होती. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या की ब्रश इथे उचलला जातो आणि पुढच्याच क्षणी रेघ संपलेली असते, मग मधला माणूस गेला कुठे? २३ तारखेपर्यंत मूळ शॉट दिला नाही, तर या विषयात नापास.

नापास झाले तरी चालेल. पण कापलेलं बघताना मलाच ते बाबा वाटत नाहीत. पेन ड्राइव्हवर दोन्ही पाठवते आहे. तू बघ. बाबांना दाखवू नकोस.

रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी ठकू

१४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अ. आ.

मी दाखवलं. तुला विचारायला हवं होतं, पण ज्याचा हात त्यालाच न विचारता आपण दोघी ठरवत होतो, हे मनातून जाईना.

भित्रेपणाने आधी कापलेलं लावलं. दादाने ते पाहिलं आणि सबंध असलेलं लाव म्हणाला. तेही पाहिलं. मग ब्रश धुवायला गेला. संध्याकाळी माझ्याकडून कागद मागून घेतला. सोबतची चिठ्ठी त्याची आहे. त्याने ती डकवून दिली आणि मी फोडणार नाही अशी शपथ घातली. मी फोडलेली नाही, उजेडासमोरही धरलेली नाही. म्हणजे एकदा धरली, पण काही दिसलं नाही.

चुकले असेन तर तसं लिही, पण लिही.
तुझी आत्या

(सोबतची चिठ्ठी)

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्राची सवय नाही. अक्षर बोर्डाएवढं येतंय, सांभाळून घे.

तुझ्या छोट्या सिनेमातला माणूस फार भराभर काम करतो. त्याला मी दुकानात ठेवला नसता. मोठ्यातला बरा आहे. हात थांबतो तेव्हा मी नुसता थांबलेला नसतो, पुढची रेघ मनात ओढून बघत असतो. डॉक्टरकडे जाऊन आलोय. वाढेल म्हणाले, पण हळूहळू. तुम्हा दोघींना काळजी नको म्हणून बोललो नाही. तुम्ही दोघी मला नको म्हणून बोलला नाहीत. शाबास आपली.

आता आत्याचं. तिला वाटतं मला झोप लागते. जेवल्यावर पाच मिनिटांत झोपायला मी काय तान्हा आहे? डोळे मिटून तिच्या ब्रशचा आवाज ऐकत पडतो. लहानपणी ब्रश तिलाही हवा होता. आमच्या वडिलांनी तो माझ्या हातात दिला आणि तिला पुस्तकं दिली. तिची रेघ माझ्यापेक्षा सरळ आहे. हल्ली मला जमणाऱ्या किनारीही मी तिच्यासाठी सोडतो.

थांबणं सगळं परत घाल. एक सेकंद कमी नको. २६ला मी पहिल्या रांगेत बसेन.

पण त्याआधी या शनिवारी कॅमेरा घेऊन ये. चष्मेवाल्याच्या बोर्डाच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव टाकायचं राहिलं होतं, ते काल टाकलं. दोन नावं टाकली, तिचं आधी. तिला सांगितलेलं नाही. किनार करता करता ती त्या कोपऱ्याशी पोचेल. तू दाराबाहेर उभी राहा, आवाज करू नकोस.

मी झोपलेलाच असेन.

बाबा