आबांचा ईसीजी नॉर्मल आला तरी

१२ जाने., धुळे
नानांना अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचाही. आबा खाटेजवळ बसून एकच, "नाना, वळखस का माले?" डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, कुणाला कळलं नाही. तिथे गुठळी झाली, ती मेंदूत गेली. मग आबांकडे बघून मला, "हे तुमचे वडील? पेशंटचे सख्खे भाऊ? यांनाही तपासून घ्या."

१६ जाने., भुसावळ
आबांचा ईसीजी नॉर्मल. बाहेर येताच, "दखं? माले काही व्हयेल नही."
धुळ्याला डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, ईसीजीची पट्टी त्या घडीपुरती. पुढे कुणाला धोका, ते वय, बीपी, वजन, घोरणं, घरात कुणाला होतं, यावरून ताडायचं. आबांचं सगळंच जुळतं. बीपीची गोळी डोकं दुखलं तरच घेतात. घोरणं शेजाऱ्यांनाही पाठ.
सोडणार नाही.

२१ जाने.
गोळी समोर उभी राहून देते. लोणचं बंद. त्यामुळे अबोला. दिवसभर ठोके टिपणारं यंत्र छातीला लावू म्हटलं, तर "मी काय दुखनाईत शे का?" वरणगावच्या फॅक्टरीत जन्मभर दारूगोळा हाताळला, आता चार वायरींना भितात. मी हे तोंडावर बोलले. आबा उठून गेले.

२८ जाने., नरडाणा
नाना घरी आलेत. जेवताना काकूंनी सवयीने आबांना लोणचं वाढलं. नानांनी डावा हात लांबवला, वाटी ओढून आपल्या ताटामागे ठेवली. घशातून नुसता आवाज. सकाळी मी काकूंशी आबांच्या पथ्याचं बोलत होते, ते नानांनी ऐकलं असणार. आबांचा घास हातातच.
परतताना गाडीत आबा, "लाव तुनं यंत्र. मोठा भाऊ शे तो मना."

३ फेब्रु.
यंत्र लावलं. शर्टाचं वरचं बटण लावून आबा मित्रांकडे गेले. घरी बसणार नाही म्हणाले. बसूही नका म्हटलं, रोजचं चालणं-फिरणं यंत्रात यायलाच हवं.

५ फेब्रु.
यंत्र परत दिलं. रिपोर्ट शुक्रवारी. स्वच्छ आला तरी गोळी सुटणार नाही, घोरण्यासाठी झोपेची तपासणीही करायची, आजच सांगून टाकलं. "बरं."
चहा पिताना, "आनि तुनं काय? तू बी आमनाच घरनी शे."
माझं बीपी शेवटचं कधी मोजलं, आठवेना. आबांनीच बीपीचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. उलटा. सोडून पुन्हा बांधायला घेतला.