ईशाची शाळा कोणत्या राज्यात?

याडी, तुह्या पायावर डोकं ठेवते.

गुडघे कसे आहेत? इकडं आम्ही मजेत आहो. फक्त, तुह्यी नात ईशा आता शाळेत जात नाही. तिथं बंदूकवाला आला तर लपाचा सराव घेतला, तवापासून ती घरीबी टेबलाखालीच बसते. म्हणून मीच शिकवून राह्यली.

आता घर बदलाचं आहे. पेनसिल्व्हेनियात घरच्या अभ्यासाची दरसाल तपासणी होते, टेक्सासात कोणी पुसतबी नाही. तुह्ये जावई म्हणतात, टेक्सासच बरं. मले त्याचंच भेव वाटते. माह्यं चुकलं तर सांगन कोण?

ऊसतोडीले जाताना माह्यी शाळा बुडू नये म्हणून तू मले तांड्यात आजीजवळ ठेवलं. मी गाडीमागं रडत पळाली, तू वळूनबी नाही पाह्यलं. तसं काळीज मले काहून नाही देलं?

तुह्यी पोरगी,
उज्ज्वला