केस मागे घेतली

शनिवार, दि. १४, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. दीड वर्षाने पाठवतोय, थोडे शिळे असतील. गरम करून घे. आम्ही ठीक. माझी साखर जिभेवर सोडून सगळीकडे वाढली आहे, असं तुझी वहिनी म्हणते.

काल तिने तुला फोन केला आणि तू रडलीस, असं कळलं. त्याबाबत एक घोटाळा झालाय.

माझा कॉम्प्युटर गेला. दुकानदार म्हणाला, "काका, सुटे भाग घेऊन घरीच जोडा, स्वस्तात होईल. केस कुठली देऊ?" केस म्हटल्यावर माझा हात आधी टकलावर गेला, मग आपली कोर्टातली केस आठवली. तिसरा अर्थ त्याने फळीवरून काढून दाखवला: पत्र्याचा खोका, एका बाजूला काच. मी सगळ्यात स्वस्त उचलला. मदरबोर्डाचं माप जुळवलं, प्रोसेसरवरच्या पंख्याची उंची पाहिलीच नाही. घरी सगळं जोडलं तर पंखा दोन बोटं बाहेर आणि काच काही लागेना. माझ्या लग्नातल्या कोटासारखंच.

काल दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून मोठी केस बदलून आणली आणि दारातूनच ओरडलो, "घेतली एकदाची केस मागे!"

घेतली दुकानदाराने. पण जन्मभर लोकांच्या व्याकरणातल्या चुका काढणाऱ्या माझ्या वाक्यातून कर्ताच गळाला. वहिनीने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"खरंच? देव पावला!"

"देव कसला? मी भांडलो तासभर."

"थांबा, आधी चिमणीला सांगते."

मला वाटलं, तू रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी, म्हणून तुला माझ्या खोक्याची बातमी देतेय, देऊ दे. अर्ध्या तासाने डोळे पुसत आली. "मंगळवारी कोर्टात यायचंच नाही म्हणाली. वकिलालाही कळवतेय. आणि बाबांची वरची खोली झाडून ठेवते म्हणाली, दादाला राहायला."

मी पेचकस हातात घेऊन तसाच उभा राहिलो. खरं सांगायला तोंड उघडलं आणि 'बरं' म्हणालो. माझ्या वकिलाला फोन केला, तर तो खूशच झाला. "गप्प बसा. त्या आल्या नाहीत तर आपलंच फावेल."

मग मी गप्प बसून केस जोडली. दुसरं काय करावं, ते कळेना. पत्र्याच्या धारेने अंगठा कापला. मागची पट्टी लावायची विसरलो, म्हणून सगळं पुन्हा उचकटलं. आता पत्र्यावर बोर्ड टेकवायच्या पितळी खुंट्या नऊ आणि बोर्डाला भोकं आठ. नववी बोर्डाखाली तशीच दडपलीय. बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेतो आणि थांबतो. खुंटीमुळे, की माझ्यामुळे? तुला ऐकूनच कळलं असतं. बाबांनाही.

आणि तो पेचकस. पिवळ्या मुठीचा, बाबांचा. तू घरभर शोधत होतीस ना, तो माझ्याकडे आहे. मीच उचलला होता. शेवटच्या महिन्यात त्याच पेचकसाने ते पलंगावर बसून तुझा रेडिओ उघडत होते. एकेक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "घर तिच्या नावावर केलंय. तिने माझं सगळं केलं. तुला कळतंय ना?" मी म्हटलं, "कळतंय." सात स्क्रू होते. सातही त्यांनी आपापल्या भोकात परत बसवले, न चुकता.

कोर्टात मी लिहून दिलं, की वडिलांना त्या काळात काही समजत नव्हतं.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मला विनोद सुचतात. म्हणून चिठ्ठी आणि पेचकस वहिनीबरोबर पाठवतोय. तिला अजून काही ठाऊक नाही. तुझ्यासमोर वाचेल, मग घरी येऊन माझ्याशी बोलेल. किंवा बोलणार नाही.

आज सकाळी वकिलाकडे जाऊन अर्जावर सही केली. तो म्हणाला, "मूर्खपणा करताय." मूर्खपणा नेमका कुठला, ते विचारायचं राहिलं. मंगळवारी तो अर्ज कोर्टात देईल. तरी तू ये. माझ्या शब्दावर विसंबू नकोस. खोली झाडायची की नाही, ते हे वाचून झाल्यावर ठरव.

कालचं वाक्य तेवढं दुरुस्त करून, कर्त्यासकट लिहितो.

मी केस मागे घेतली.

तुझा,
दादा (अजून म्हणणार असशील तर)