सोलारच्या पूजेला लाईट गेली

अहमदपूर, मंगळवार

चि. संगमेश यास मलप्पाचे शरणु शरणार्थी. तू, मंजुश्री आणि अक्षरा नांदेडात खुशाल असाल असं धरून चालतो. आम्ही इथं कसे आहोत ते पुढं येईलच. फोन न करता पत्र लिहायचं कारण, फोनवर तू मधेच हसतोस आणि या गोष्टीत हसण्यासारखं काही न्हाई. मी अजून हादरलेलाच हाय.

उन्हाळ्याच्या तोंडाला लाईट बिल आलं आणि मी दुकानात एका गिऱ्हाइकाला साखर म्हणून मीठ बांधून दिलं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार; इतके आकार बघून माझाच आकार बिघडला. वहन आकार म्हणजे वीज घरापर्यंत आणून टाकायचं भाडं म्हणे. मग वीज येतच न्हाई त्या दिवसाचं भाडं परत कोण देतं, असं मी हापिसात जाऊन विचारलं, तर साहेबानं मला बसवून पाणी दिलं.

त्याच तिरमिरीत छतावर सोलार बसवला. बसवणारा दयानंद म्हणाला, उरलेली वीज लाईनीत जाईल, तेवढी बिलातून वजा. तुझ्या अक्कानं एकच विचारलं, "लाईट गेल्यावर चालंल का?" मी म्हणालो, "सूर्य काय वीजमंडळाच्या फीडरवर हाय का?" (हे वाक्य मला तवा लई आवडलं होतं.)

पूजेला सगळी गल्ली जेवायला बोलावली. गव्हाची गोड हुग्गी केली. स्वामींनी पॅनलला विभूती लावली, मी बटन दाबलं, फॅन फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या संपायच्या आत फॅन थांबला. बाहेर चप्पल वितळंल असं ऊन! सगळ्यांनी आधी वर बघितलं, मग माझ्याकडं. मंडपवाला व्यंकटी म्हणाला, "अप्पा, सूर्य बी गेला का?"

दयानंद घाम पुसत समजावत होता. कूलरांच्या लोडनं गल्लीच्या तोंडाची ट्रान्सफॉर्मरची डीपी बंद पडली होती, आणि लाईन बंद झाली की सोलारही आपोआप बंद होतो. न्हाईतर छतावरची वीज उलटी लाईनीत शिरंल अन् वर खांबावर काम करणारा माणूस मरंल. लोकांच्या हसण्यात मला यातलं पहिलं अर्धंच ऐकू आलं.

मी व्यंकटीचं जनरेटर ओढत आणलं. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर केली. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटात. मेन स्विच बंद करायचं डोक्यातच आलं न्हाई. दोरी ओढणार, तेवढ्यात तुझ्या अक्कानं धावत येऊन वायर उपसून फेकली.

"वर माणूस हाय!"

लाईनमन शेषेराव डीपीवर चढून तार जोडत होता. थोड्या वेळापूर्वी तीच त्याला पाणी देऊन आली होती. माझी वीज घरातून उलटी लाईनीत अन् डीपीतून कितीतरी पटीनं वाढून त्याच्या हातापर्यंत गेली असती. संगमेश, मी दोरी हातात धरून तसाच उभा राहिलो. लाईट आली, शेषेराव खाली उतरला, हुग्गीवर तूप मागून घेतलं आणि "अप्पा, सोलार झकास दिसतोय" म्हणाला. त्याला काही ठाऊक न्हाई. मला एक घास गेला न्हाई.

बाकी सर्व ठीक. अक्षराला आशीर्वाद.

तुझा दाजी,
मलप्पा

ता. क. वायर उपसली तवा मी गल्लीसमोर तुझ्या अक्कावर ओरडलो, "घर तुझ्या बापानं बांधलं का?" (तुझाही बाप तोच, त्याबद्दल तुझी वेगळी माफी.) ती त्याच दुपारी नांदेडच्या एस्टीत बसली, ती अजून तुझ्याकडंच हाय. हे पत्र खरं तर तिचंच हाय. तिला मोठ्यानं वाचून दाखव, पण तुलाच आलंय असं दाखव.

आणखी ता. क. नवीन बिल आलं. जवळजवळ काहीच न्हाई! दयानंद पेढे घेऊन आला, सोलारची करामत म्हणतो. त्याला काय सांगू? घरात कूलर लावायला हाय कोण? फ्रीज रिकामा म्हणून बंद केला, मी दुकानातच झोपून राहिलो. एवढं मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

बरं, दाखव.