फेरसामन्याला आलेले आप्पा

रविवार, संध्याकाळ

आज टीव्हीवरची फायनल पेनल्टीवर मिटली. दादा चिडलाच. "पुन्हा खेळवायची की!"

मला त्याचीच फायनल आठवली. देशपातळीवरचा कप, इथंच कोल्हापुरात. दादा गोलकीपर. वडिलांना, आप्पांना, त्याचा फुटबॉल कधी पटलाच नाही, म्हणून ते आले नाहीत. सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्याला मात्र दुकान बंद करून आले. का आले? कधी विचारलंच नाही.

आम्ही हरलो. दादा मान खाली घालून बाहेर आला. आप्पांनी त्याचे चिखलाचे ग्लोव्हज स्वतःकडं घेतले.

"परवाच जिंकला असतास, तर मी कधी बघणार हुतो रं तुझा खेळ?"

हरल्याचं आता काहीच वाटत नाही. ग्लोव्हज छातीशी धरून चाललेले आप्पा तेवढे दिसतात.