अंगठा आणि झुरळं

सोमवार, ३
मेहुण्याने माझ्या फोनमध्ये गेम टाकून दिला. स्क्रीनवर झुरळं पळतात, अंगठ्याने चिरडायची. फुटली की हिरवा चिकट रस उडतो. किळस आली. पन्नाशीच्या माणसाला हे शोभतं का, म्हणून त्याला सुनावलं. उद्या डिलीट.

मंगळवार, ४
डिलीट करण्यापूर्वी नीट पाहून घेतलं. लेव्हल नऊ. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची नजर आणि बोट तयार लागतं, तेवढा व्यायाम होतो. रोज दहाच मिनिटं. वेळेच्या बाबतीत मला कोण शिकवणार?

गुरुवार, ६
निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. वडिलांचं चावीचं घड्याळ बंद पडलंय. वडील नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. उशाशी टिकटिक नसली की डोळा लागत नाही. शनिवारी देतो म्हटलं. पंचवीस वर्षांत शब्द मोडलेला नाही.
लेव्हल सतरा. मध्येमध्ये टूथपेस्टची जाहिरात, किडलेल्या दातांसकट. शिसारी.

शनिवार, ८
घड्याळ उघडलं. बायको म्हणाली, आधी फोन ठेवा. ठेवला, समोरच, चालू. एक झुरळ निसटत होतं म्हणून हात मारला, तर कोपर लागून घड्याळाचं चक्र खाली. टेबलाखाली रांगलो. धूळ, केस आणि एक खरं झुरळ. ओरडलो नाही, फक्त स्टुलावर चढलो. चक्र बायकोने शोधलं. केसाएवढी स्प्रिंग वाकलीय.
बाईंना सांगितलं, पार्ट मागवलाय, मंगळवारी या. पार्ट मागवायला हवा.

मंगळवार, ११
उजवा अंगठा सुजला. चिमटा धरवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? घड्याळं, म्हटलं. डावा ठणठणीत आहे. लेव्हल अठ्ठावीस.
बाई आल्या. वडील पाच रात्री जागेच आहेत, एवढंच म्हणाल्या. मी पार्टवाल्याच्या नावाने खडे फोडले. बायको माझ्याकडे पाहत होती, भाजीत केस सापडल्यावर पाहावं तसं.

गुरुवार, १३
स्वतःचीच घाण वाटली. गेम काढून टाकला. संध्याकाळी परत घेतला, फक्त स्कोअर बघायला. सगळं शून्यावर. काय हा हलकटपणा.

शनिवार, १५
दुकानात पोचलो तर माझ्या स्टुलावर बायको, डोळ्याला माझं भिंग. बारा वर्षं शेजारी बसून सुटे भाग पुसायची. स्प्रिंग सरळ करायला कधी शिकलीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही काम करायचात तेव्हा.
बाईंनी घड्याळ कानाला लावलं, डोळे पुसले. पुढच्या वेळी यांच्याकडेच देईन म्हणाल्या. यांच्याकडे म्हणजे हिच्याकडे.
आता मी काउंटरवर. पावत्या फाडतो. अंगठ्याला विश्रांती हवीच होती.
दुपारी एका गिऱ्हाईकाने तिला विचारलं, माणूस नवीन ठेवलात का?
ती म्हणाली, बघतेय, टिकतो का.